बार्बरटन ते जोहान्सबर्ग: पाखडणी कुणी केली?

आधीच सांगते, दक्षिण आफ्रिकेच्या या ट्रिपमध्ये सिंह नाहीत. क्रूगर पार्क जवळच होतं, तरी आम्ही तिकडे फिरकलो नाही, आणि परत आल्यावर घरी दारी ऑफिसात सगळ्यांनी पहिलं हेच विचारलं की अगं मग तिकडे जाऊन केलंत काय. दगड बघितले. आम्ही चौघं होतो, एमएस्सीचे तीन बॅचमेट आणि आमचे सर. सर रिटायर होऊन जमाना झाला पण फील्डवर अजून आमच्या पुढे चालतात. मी पुण्यात भूजलाचं काम करते, म्हणजे अख्खं आयुष्य बेसाल्टात गेलंय. एक मित्र जोहान्सबर्गला खाणीत कोअर लॉगिंग करतो, म्हणजे बोअरहोलमधून काढलेल्या खडकाच्या नळकांड्या तपासून नोंदतो. गाडी, परवानग्या, ओळखी हे सगळं त्याच्याच जिवावर. तिसरा कणकवलीचा, नाव कशाला, कणकवलीकर म्हणू.

सरांचा एक प्रश्न कॉलेजपासून ठरलेला आहे. पृथ्वीच्या कवचाच्या साध्या खडकात सोनं टनाला जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. खाण चालवायची तर टनाला निदान काही ग्रॅम लागतं, म्हणजे हजारपट जास्त. मग सर म्हणायचे, धान्य तर सगळीकडे सांडलंय रे, सुपात घेऊन पाखडलं कुणी? पूर्ण ट्रिपभर प्रत्येक आउटक्रॉपला म्हणजे उघड्या पडलेल्या खडकाला हाच प्रश्न, आणि खरं सांगायचं तर ट्रिपचा प्लॅन मित्राने याच प्रश्नावर बेतला होता.

दिवस पहिला: हायवेल्ड आणि कोळशाचे ट्रक

आदिस अबाबामार्गे जोहान्सबर्गला उतरलो तर ऑगस्टची सकाळ, कडाक्याची थंडी. हे शहर हायवेल्ड नावाच्या उंच पठारावर, साधारण १७५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शेंड्यापेक्षाही वर, हे डोक्यात असूनही विमानतळाबाहेर पडल्यावर नाक लाल झालंच. वहिनींनी म्हणजे मित्राच्या बायकोने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, ती एअरपोर्टच्या पार्किंगमध्येच निम्मी संपली.

एन-फोर हायवेने पूर्वेला निघालो. एमालाह्लेनी म्हणजे पूर्वीचं विटबँक, तिथपर्यंत दोन्ही बाजूंना कोळशाच्या खाणी, पॉवर स्टेशनचे कूलिंग टॉवर आणि ट्रकच ट्रक. गवत पिवळं पडलेलं, मध्येच जाळलेले काळे पट्टे. हा कोळसा कारू नावाच्या खडकगटातला, जेमतेम पंचवीस-तीस कोटी वर्षांचा, म्हणून सरांनी खिडकीतून ढुंकूनही बघितलं नाही. हा तर कालचा आहे, म्हणाले.

बाडप्लासपासून पुढे रस्ता डोंगरात शिरतो. नेल्सहूख्तेच्या घाटात दोन्हीकडे पाइन आणि निलगिरीची लावलेली जंगलं, खडक काही दिसेना, मग एका वळणावर खाली डे काप खोरं एकदम उघडं पडलं आणि पलीकडे मखोंज्वाच्या रांगा. बार्बरटनला पोचलो तेव्हा अंधार, आणि हवा चक्क उबदार, कारण गाव हायवेल्डच्या बरंच खाली आहे. झोपलो.

दिवस दुसरा: कोमाटी

हा दिवस म्हणजे माझ्यासाठी ट्रिपमधला सगळ्यात मोठा.

बार्बरटन-मखोंज्वा डोंगर २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. इथले खडक साधारण ३६० कोटी ते ३२० कोटी वर्षांचे. जगात याहून जुने खडक आहेत, ग्रीनलँडला आहेत, कॅनडात आहेत, पण ते इतके भाजले-दाबले गेलेत की मूळचं काय होतं ते हुडकावं लागतं. इथे लाव्हा लाव्हासारखा दिसतो आणि वाळू वाळूसारखी. आपला सह्याद्री साडेसहा कोटींचा. म्हणजे मी रोज ज्याला म्हातारा दगड म्हणते तो यांच्यापुढे शेंबडं पोर.

सोंगिम्वेलो अभयारण्यात परवानगी काढूनच जावं लागतं. सोबत तिथल्या गाइड मॅडम होत्या, त्यांनी गेटवरच बजावलं, हातोडी गाडीतच ठेवायची, दगड उचलायचा नाही, पडलेलासुद्धा नाही. कणकवलीकराचा चेहरा बघण्यासारखा झाला. बकीने म्हणजे तिकडच्या पिकअपने तासभर हाडं खिळखिळी करून घेतली, मग चालत कोमाटी नदीकडे उतरलो. सर, तुम्ही गाडीत थांबा, असं मित्र म्हणाला तर म्हणे गाडीत बसायला पुण्यात नव्हती का गाडी.

आणि मग तो दगड. बाहेरून तपकिरी, खरबरीत, गुरं बसतात तसला कुठलाही. पण वाकून बघितलं की सगळ्या पृष्ठभागावर लांब लांब पात्या, बोटभर, वीतभर, एकमेकींना छेदत गेलेल्या, काही समांतर झुपक्यात. यालाच स्पिनिफेक्स टेक्स्चर म्हणतात. त्या पात्या म्हणजे ऑलिव्हिन या खनिजाचे स्फटिक, आता त्यांचं सर्पेंटाइन वगैरे दुसरंच खनिज झालंय पण आकार जसाच्या तसा राहिलाय. ३४८ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचा वरचा थर झटकन थंड व्हायला लागला आणि स्फटिक वरून खाली भराभर वाढत गेले. मी पुस्तकात हा फोटो शंभर वेळा बघितला असेल, पण हात लावल्यावर जे वाटलं ते फोटोत नव्हतं. त्याच प्रवाहात खाली सरकलं की पात्या संपतात आणि गोलसर दाण्यांचा घट्ट थर लागतो, म्हणजे जड ऑलिव्हिन बुडाशी बसलेला. सर लगेच म्हणाले, बघा, एवढ्याशा प्रवाहातसुद्धा पाखडणी सुरू आहे.

या लाव्हाच्या खडकाचं कोमाटिआइट हे नाव याच नदीवरून. मॉरिस आणि रिचर्ड फिल्युन या जुळ्या भावांनी १९६९ मध्ये हे खडक जगासमोर मांडले. तोवर बहुतेकांचं मत असं की एवढा मॅग्नेशियमवाला खडक लाव्हा म्हणून बाहेर पडूच शकत नाही, कारण त्याला तापमान फारच लागेल. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड साधारण सहा-सात टक्के, कोमाटिआइटमध्ये १८ टक्क्यांच्या वर. हवाईचा लाव्हा १२०० अंशांच्या आसपास, हा १६०० च्या आसपास असावा असा हिशोब. म्हणजे तेव्हा पृथ्वीचं पोटच जास्त तापलेलं होतं. यावर भांडणं आहेतच, काहींच्या मते मॅग्मात म्हणजे शिलारसात पाणी असेल तर कमी तापमानातही भागलं असतं. मित्र दुसऱ्या पार्टीचा, सर पहिल्या, त्यामुळे परतीच्या अख्ख्या वाटेवर हेच चालू होतं आणि गाइड मॅडम मिश्किल हसत गाडी चालवत होत्या.

दिवस तिसरा: जिओट्रेल, उधाण आणि भांग

बार्बरटनहून आर-फोर्टी रस्ता एस्वातिनीच्या म्हणजे पूर्वीच्या स्वाझीलँडच्या हद्दीवरच्या बुलेंबूकडे चढतो, त्यावर जागोजागी थांबे करून फलक लावलेत, हाच तो जिओट्रेल. रस्ता चांगला डांबरी, साधी कार चालते, परवानगी नको. ज्यांना भूगर्भशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही त्यांनीसुद्धा करावा असा प्रकार आहे.

सुरुवातीलाच मूडीज नावाच्या खडकगटाचा वालुकाश्म, ३२२ कोटी वर्षांचा. कापलेल्या दरडीत तिरप्या थरांच्या जोड्या दिसतात, वाळूचा थर, त्यावर चिखलाची बारीक रेघ, परत वाळू. आणि नीट पाहिलं तर थरांची जाडी हळूहळू वाढत जाते, मग कमी होत जाते, मग परत वाढते. फलकावर स्प्रिंग आणि नीप टाइड असं काय काय लिहिलेलं. कणकवलीकराने ते वाचलंच नाही, दरडीला नाक लावून म्हणाला, "अरे ह्या उधाण, आणि ह्या भांग. आमच्या खाडयेत असाच बसता." बरोब्बर. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात म्हणून थर जाड, अष्टमीच्या आसपास भांगाला पातळ. ३२२ कोटी वर्षांपूर्वी चंद्र होता, आजच्यापेक्षा जवळ होता, आणि समुद्राला ओढत होता, त्याची नोंद रस्त्याच्या कडेला उघड्यावर पडलीय. भरतीच्या इतक्या जुन्या नोंदी जगात फारशा नाहीत. कणकवलीकर तिथून हलायलाच तयार नव्हता.

पुढच्या एका थांब्यावर त्याच वालुकाश्मात हिरवट काळ्या, लाटालाटांच्या केसाएवढ्या रेघा. त्या म्हणजे सूक्ष्मजीवांची चटई, भरतीच्या वाळूवर पसरलेली. ऑक्सिजन नाही, ओझोन नाही, आणि तरी पोरं मजेत राहत होती. याच मूडीजमध्ये २०२१-२२ साली आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून तिरपी बोअरहोल घेतली गेली, बेस नावाने. वर सगळं हवेने पावसाने कुजलेलं असतं, खालचा ताजा कोअर मिळाला की तेव्हाच्या हवेचं, पाण्याचं, त्या जीवांचं रसायन नीट मोजता येतं. मित्राचं म्हणणं, आमच्या खाणीत असला एक मीटर कोअर आला की त्यात सोनं नाही म्हणून पेटी बंद करून ठेवून देतात.

अजून वर गेलं की उशीसारखे फुगीर लाव्हा, पाण्याखाली ओतल्यावर होतात तसे. आणि मग स्फेरूल. हे मी फक्त ऐकून होते. दगडात मोहरी ते ज्वारीएवढे गोल दाणे, खच्चून भरलेले. लघुग्रह आदळला, खडकाची वाफ झाली, ती वाफ पृथ्वीभर पसरून थेंब थेंब होऊन खाली बसली, ते हे थेंब. बार्बरटनमध्ये असे बरेच थर आहेत. त्यातला एस-टू नावाचा ३२६ कोटी वर्षांपूर्वीचा, तो लघुग्रह एका अंदाजाने ३७ ते ५८ किलोमीटरचा, डायनोसॉर संपवणाऱ्यापेक्षा कितीतरी पट दांडगा. २०२४ मध्ये नादिया ड्राबोन आणि सहकाऱ्यांनी याच थराच्या वरखालचे खडक बारकाईने तपासून मांडलं की महात्सुनामी आली, वरचं पाणी उकळलं, अंधार झाला, पण खोल पाण्यातलं लोह ढवळून वर आलं आणि आदळणाऱ्या दगडातून फॉस्फरस मिळाला, मग काही काळाने लोहावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची चंगळ झाली. सर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, ही पाखडणी नव्हे, ही ढवळणी.

वर टोकाला जुन्या रोपवेचे अवशेष दिसतात. बुलेंबूच्या हॅव्हलॉक खाणीतलं ॲस्बेस्टॉस पाळण्यांतून डोंगर ओलांडून वीस किलोमीटर बार्बरटनला यायचं, १९३९ पासून २००१ पर्यंत. ते ॲस्बेस्टॉस कालच्याच जातीच्या खडकातून आलं, ऑलिव्हिनचं सर्पेंटाइन झालं आणि भेगांत त्याचे धागे वाढले. किती लोकांच्या फुप्फुसात ते अजून असेल कोण जाणे. तिथे फोटो काढावासा वाटला नाही.

दिवस चौथा: शेबा आणि सोनं सोडवणारे जंतू

सकाळी गावातच फिरलो. बार्बरटन १८८४ च्या गोल्ड रशमधलं गाव. एडविन ब्रे याला १८८५ मध्ये शेबाच्या डोंगरात सोन्याचा जबरदस्त साठा लागला, गोल्डन क्वारी म्हणतात तो. शेबा ही जगातल्या सगळ्यात जुन्या चालू सोन्याच्या खाणींपैकी एक. गावात स्टॉक एक्स्चेंज निघालं, दारूचे गुत्ते निघाले, डोंगरावर युरेका सिटी नावाची वस्ती झाली. आणि १८८६ मध्ये जोहान्सबर्गला सोनं सापडल्यावर सगळी गर्दी तिकडे पळाली. स्टॉक एक्स्चेंजचा दर्शनी भाग अजून उभा आहे, समोर आता मोबाइल रिचार्जची टपरी.

इथलं सोनं पाखडलं गरम पाण्याने. खोलवरून कार्बन डायऑक्साइड आणि गंधक घेऊन आलेलं पाणी मोठमोठ्या भेगांतून वर चढलं, सोनं गंधकाशी जोडी जमवून त्यात विरघळलेलं होतं. लोहवाला खडक भेटला की गंधक लोहाकडे गेलं, पायराइट झालं, आणि सोन्याची जोडी तुटली म्हणून ते तिथेच पडलं. हे बऱ्याच नंतर झालं, खडक तयार होऊन चांगली दहा-पंधरा कोटी वर्षं उलटल्यावर.

पण हे सोनं नखरेल आहे. पायराइट आणि आर्सेनोपायराइटच्या दाण्यात इतकं बारीक अडकलेलं की सोनं विरघळवणाऱ्या सायनाइडला हातच पुरत नाही. पूर्वी भाजून काढायचे, म्हणजे आर्सेनिकचा धूर. शेजारच्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून टाक्यांमध्ये जिवाणू सोडून सल्फाइड खायला लावतात आणि सोनं मोकळं होतं. बायोक्स म्हणतात, आणि या पद्धतीचा जगातला पहिला व्यापारी प्लांट हाच. प्लांट आत जाऊन बघायला मिळाला नाही, गेटवरून परत पाठवलं, पण मित्राने रस्त्यातच एका कागदावर टाक्यांची आकृती काढून अर्धा तास लेक्चर दिलं. पूर्वी तो कधी वर्गात नीट बसला नाही, हे सरांनी त्याला तिथेच ऐकवलं.

दिवस पाचवा: घाट

आज फक्त प्रवास. साबीवरून लाँग टॉम घाट, २१०० मीटरच्या वर, धुकं, समोरचा ट्रक दिसत नाही. बोअर युद्धातल्या तोफेवरून घाटाचं नाव पडलंय. दरडींमध्ये राखाडी डोलोमाइट, त्यात स्ट्रोमॅटोलाइटचे घुमट घुमट थर. सूक्ष्मजीवांनी बांधलेले, आणि यांनीच पुढे हवेत ऑक्सिजन भरला. हे लक्षात ठेवा, शेवटच्या दिवशी लागेल. माशिशिंगला जेवण, पाप म्हणजे मक्याचा घट्ट उपमा-भात जे काही असेल ते आणि भाजी, आणि संध्याकाळी स्टीलपोर्टच्या खोऱ्यात. इथून पुढे रस्त्यावर क्रोमचे ट्रक, रस्ता काळा, गेस्टहाउसच्या खिडकीवरची धूळ काळी.

दिवस सहावा: द्वार्स नदी

बुशवेल्ड म्हणजे आज बघायचा होता तो थराथरांचा अवाढव्य खडकसमूह, त्याचे आधी आकडे सांगून टाकते. सुमारे २०५ कोटी वर्षांपूर्वी मॅग्मा कवचात घुसला आणि थराथरांनी गोठला. पसारा साधारण ६५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या अख्ख्या कोकण विभागाच्या दुपटीहून जास्त, आणि थरांची जाडी सात-आठ किलोमीटर. जगात दरवर्षी खाणीतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी जवळपास ७० टक्के दक्षिण आफ्रिकेचं आणि ते जवळजवळ सगळं इथलं. क्रोमियमचंही सगळ्यात जास्त उत्पादन दक्षिण आफ्रिकेचंच.

द्वार्स नदीचा आउटक्रॉप संरक्षित वारसास्थळ आहे. नदीच्या पात्रात, पाण्याने घासून गुळगुळीत झालेला. पांढरा शुभ्र ॲनॉर्थोसाइट खडक आणि त्यात काळेकुळकुळीत क्रोमिटाइटचे, म्हणजे क्रोमाइट हे क्रोमियमचं खनिज ठासून भरलेल्या खडकाचे पट्टे. काही बोटभर, काही हातभर. बूट काढून उभी राहिले तर पांढरा दगड गार आणि काळा चांगलाच तापलेला. भिंगाने बघितलं तर काळ्यात क्रोमाइटचे साखरेपेक्षा बारीक दाणे, एकमेकांना चिकटून, चमकणारे. आणि खरी गंमत पुढे. पट्टे सरळ जात नाहीत. एक पट्टा जाता जाता दोन होतो, मध्ये पांढरा भिंगाच्या आकाराचा तुकडा, पुढे परत एक होतो. कधी दोनाचे तीन.

कणकवलीकर म्हणाला, "आमच्या जानवलीक, वागद्याक असोच काळो दगड गावता." खरंय, सिंधुदुर्गात आणि भंडाऱ्यात पवनीकडे क्रोमाइट आहे, पण ते किरकोळ, तुकड्यातुकड्यांत. इथे हा थर शेकडो किलोमीटर ओळखता येतो. सेम खनिज, आणि स्केल बघितला की बोलती बंद.

सरांनी प्रश्न टाकला आणि इथे आमची खरी वाट लागली. पुस्तकी उत्तर असं की क्रोमाइट जड, मॅग्मात बुडाला, खाली थर बसला. पण बाकीच्या खनिजांबरोबर स्फटिक व्हायचं तर क्रोमाइटच्या वाट्याला एक-दोन टक्केच येतात, मग निव्वळ क्रोमाइटचा मीटरभर थर कसा? टी. एन. अर्विन यांनी १९७७ मध्ये सुचवलं की जुन्या मॅग्मात नवा मॅग्मा मिसळला की काही काळ फक्त क्रोमाइटच बनतो. कुणी म्हणतं मॅग्मा साठला होता त्या खोलीतला दाब बदलला म्हणून. कुणी म्हणतं स्फटिकांचा अर्धवट घट्ट रबडा उतारावरून घसरला आणि घसरताना जड-हलकं वेगळं झालं, आणि हे फाटणारे-जुळणारे पट्टे बघताना मला तेच पटत होतं. त्यात अलीकडे झिरकॉन या खनिजाची फार अचूक वयं काढल्यावर काही ठिकाणी खालचा थर वरच्यापेक्षा तरुण निघाला. म्हणजे मग एक मोठी खोली आणि तळापासून वर भरत गेलेले थर हे चित्रच गडबडलं, काहींच्या मते थर नंतर मध्ये घुसलेत. जे काही असो, प्लॅटिनमच्या धंद्याला याची फिकीर नाही, त्यांना थर कुठे आहे एवढं माहीत असलं की झालं.

प्लॅटिनमची गोष्ट पण जवळचीच. १९२४ मध्ये आंद्रिस लोम्बार्ड या शेतकऱ्याने कोरड्या ओढ्यात पाटीत माती धुतली, जड पांढरट दाणे दिसले, ते त्याने हान्स मेरेन्स्की या भूवैज्ञानिकाकडे पाठवले. मेरेन्स्कीने माग काढत मूळ थर शोधला, तोच मेरेन्स्की रीफ. बहुतेक ठिकाणी मीटरभर जाडीचा, टनाला काही ग्रॅम. जगभरच्या गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये इथलं प्लॅटिनम जातं, आपल्या दारातल्या गाडीत पण असेल.

दुपारी मॅग्नेट हाइट्स. रस्त्याकडेला मॅग्नेटाइटचा म्हणजे चुंबकी लोहखनिजाचा काळा जाड थर, व्हॅनेडियम हा धातू असलेला. ब्रंटन कंपास जवळ नेला की सुई वेड्यासारखी फिरते. आम्ही सगळे पन्नाशी गाठलेले लोक आळीपाळीने तेच करत बसलो, शाळेची बस थांबून पोरं आम्हाला बघत होती.

दिवस सातवा: वाटेत कलिनन, मग फ्रेडेफोर्ट

पहाटे निघालो कारण अंतर लांब. वाटेत कलिननला थांबलो, १९०५ साली ३१०६ कॅरटचा हिरा निघाला तो खड्डा. खड्डा प्रचंड आहे. बघितला, चहा प्यायलो, निघालो, हिऱ्यात कुणालाच रस नव्हता.

दुपारनंतर व्हाल नदीकाठचं पॅरिस. जोहान्सबर्गपासून दीड तासावरचं छोटं गाव, शनिवार-रविवारी राफ्टिंगवाले येतात. गाव ज्या भागात आहे तो म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या ओळखल्या गेलेल्या आघात विवराचा, फ्रेडेफोर्टचा, मधला फुगवटा. २०२ कोटी वर्षांपूर्वी लघुग्रह आदळला, मूळ विवर अडीचशे-तीनशे किलोमीटर रुंद असावं. आपलं लोणार १.८ किलोमीटर. लोणारला काठावर उभं राहिलं की अख्खं विवर दिसतं. इथे काहीच दिसत नाही, टेकड्यांची एक कमान तेवढी, बाकी सगळं झिजून गेलंय, म्हणून एका जुन्या दगडखाणीत जावं लागतं. राखाडी-गुलाबी ग्रॅनाइटच्या भिंतीत काळ्या वेड्यावाकड्या नसा, काही हाताएवढ्या, काही दारातून माणूस जाईल एवढ्या रुंद, त्यात गोल गोल ग्रॅनाइटचे तुकडे तरंगत राहिलेले. स्यूडोटॅकिलाइट. आघाताने खडक काही क्षणात वितळला आणि लगेच गोठला. भिंतीचं टोक ते टोक बोट फिरवलं तर एक नस मध्येच सपकन संपली.

इथे कुणी पाखडलं नाही. पण सोन्याच्या गोष्टीत याचा वाटा मोठा आहे. या आघाताने जोहान्सबर्गकडचे सोन्याचे थर वाकले, काही ठिकाणी पार उलटे झाले, आणि बरेचसे खाली दबून झिजेपासून वाचले. पाखडलेलं धान्य कणगीत कुणी ठेवलं, तर याने, असं मी म्हटलं. सरांनी मान डोलावली. त्यांच्याकडून एवढं मिळालं तरी खूप.

दिवस आठवा: लांगलाख्टे

जोहान्सबर्गच्या पश्चिमेला, मेन रीफ रोडवर, जिथे १८८६ मध्ये जॉर्ज हॅरिसनला सोन्याचा थर सापडला ती जागा. जगात आजवर निघालेल्या सोन्यात फार मोठा वाटा विटवॉटर्सरँडचा, म्हणजे जोहान्सबर्गभोवतीच्या या खडकांचा, आणि जिथून सुरुवात झाली तिथे कुंपण, गवत आणि कचरा. मित्राने गाडीजवळ एकाला उभं केलं, मगच उतरलो.

थर म्हणजे कॉन्ग्लोमरेट, गारगोटीचे गोटे घट्ट बसलेले. मित्राने घरून आणलेला कापलेला तुकडा हातात दिला. गोट्यांच्या मध्ये पायराइटचे गोल दाणे, छर्ऱ्यासारखे. हे गोल का, इथे सगळी गंमत आहे. नदीत घरंगळत आले म्हणून गोल. पण पायराइट आजच्या नदीत टिकतं का? गंजून जातं. युरेनिनाइट या युरेनियमच्या खनिजाचं पण तेच, तेही इथे गोल दाण्यांत सापडतं. म्हणजे साधारण २८०-२९० कोटी वर्षांपूर्वी या नद्या वाहत होत्या तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच. लाँग टॉम घाटातले ते घुमटवाले जीव अजून कामाला लागायचे होते.

मग सोनं पण नदीनेच पाखडलं? इथे मित्र आणि सर परत आमनेसामने. सर नदीवाले. २००२ मध्ये सोन्याचंच रेनियम-ऑस्मियम पद्धतीने वय काढलं ते ३०३ कोटी वर्षं निघालं, म्हणजे थरापेक्षा सोनं जुनं, दुसरीकडून वाहत आलेलं. मित्राचं म्हणणं, सर, रोज कोअर मी बघतो, सोनं गोट्यांसारखं गोल नसतं, ते भेगांत बसलेलं असतं, पायराइटच्या चिरांत घुसलेलं असतं, मग गरम पाण्याने आणलं नाही तर काय. मधला मार्ग असा की नदीने आणलं आणि नंतर गरम पाण्याने थोडं इकडचं तिकडे हलवलं, आणि बहुतेक लोक आता इथेच कुठेतरी उभे आहेत. त्यात काही थरांत सोनं काळ्या कार्बनच्या पातळ रेघेला चिकटलेलं असतं, मग सूक्ष्मजीवांनी नदीच्या पाण्यातलं विरघळलेलं सोनं पकडलं का, हाही वाद. कणकवलीकर म्हणाला, म्हणजे सूप एकाच्या हातात नव्हतंच.

नंतर मित्राने शहराच्या दक्षिणेला नेऊन डंप दाखवले. पिवळट सपाट टेकड्या, शंभर वर्षं दळलेल्या खडकाची भुकटी. जुन्या पद्धतीत सुटलेलं सोनं काढायला आता याच टेकड्या पाण्याच्या फवाऱ्याने कापून परत प्लांटला पंप करतात, टनाला अर्ध्या ग्रॅमहून कमी असलं तरी परवडतं, कारण खोदाई-दळणाचा खर्च आधीच कुणीतरी केलाय. खाली मात्र उलटं गणित, पश्चिमेच्या म्पोनेंग खाणीत जवळपास चार किलोमीटर खोल जावं लागतं, तिथे खडकच साठ अंशांच्या वर तापलेला, म्हणून वरून बर्फाचा चुरा पाण्यात मिसळून खाली सोडतात. आणि बंद खाणीत पाणी भरलं की तेच पायराइट, जे तेव्हा ऑक्सिजन नव्हता म्हणून टिकलं होतं, आता ऑक्सिजन मिळून आम्ल बनवतं आणि ते पाणी ओढ्यांत येतं. वारा सुटला की डंपची धूळ शेजारच्या वस्त्यांवर, त्यात युरेनियम. आम्ही गेलो तेव्हा वारा होता. एक आजी दाराला ओला गोणपाट लावत होत्या, मित्राने हात केला तर त्यांनी पण केला.

कुणाला जायचं असेल तर मे ते सप्टेंबर जा, गवत कमी, पाऊस नाही, खडक दिसतो. सोंगिम्वेलोची परवानगी आणि गाइड आधीच ठरवा, द्वार्स नदीचा रस्ता खाणींच्या भागातून जातो म्हणून कुणीतरी तिथली माहिती असलेलं माणूस सोबत हवंच. जिओट्रेलला मात्र काहीच लागत नाही, एक पूर्ण दिवस आणि भिंग.